राक्षसअण्णा आणि बिनकेसांचा लांडगा

राक्षसअण्णांना कुठलीही वस्तू होती तेवढीच कधी दिसली नाही. भिंतीवरची पाल असो, बाजारातला फणस असो, ते मान तिरकी करून बघत आणि हळूच विचारत, "बाई, ह्यो दोन मजली झाला तर?" एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाची आत्या जिना उतरत होती. अण्णांची मान तिरकी झाली मात्र, मी तोंडातल्या पेढ्यासकट मांडवाबाहेर पळाले.

अण्णा वडगावातले विणकर. घरामागच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग, साड्यांचं काम. अंगानं काडीसारखे, आवाज इतका मऊ की समोरच्याला पुढं वाकावं लागे. फोनवर कुठूनतरी परदेशातले जुने काळे-पांढरे राक्षसपट त्यांच्या हाती लागले. एक माणूस रबराचा सरडा अंगात घालतो आणि पुठ्ठ्याचं शहर तुडवतो, हे बघून अण्णा अक्षरशः भारावले. "माणसानं हातानं क्येलेला राक्षस हाय त्यो, बाई. आपल्यालाबी हात हाईत की." तेव्हापासून त्यांनी तीन सिनेमे केले, सगळे फोनवर. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल 'होते' लिहिताना माझा हात अजून अडखळतो.

मी त्यांच्या शेजारी राहते, शहापुरात चौथीला शिकवते, आणि तिन्ही सिनेमांत राक्षसासमोर सापडलेली बाई मीच आहे. अण्णांनी मला रूप बघून घेतलं असा माझा काही दिवस समज होता. तो त्यांनीच काढून टाकला. "माग चालू असताना तुमी पोरास्नी हाक मारता ती मला ऐकू येती. असली किंकाळी दुसऱ्या कुणाची न्हाय."

किंकाळीला महत्त्व होतं, कारण सिनेमात संवादच नव्हते. पहिल्या सिनेमाच्या आरंभी जुन्या राक्षसांना नमस्कार करणारी पाटी दाखवायची होती. ती मराठीत की कन्नडात, यावरून गल्लीत दोन तट पडले. दोन्हीकडची माणसं अण्णांच्या कट्ट्यावर बसून चहा पिऊन गेली. अण्णांनी पाटीच काढली आणि जोडलेल्या दोन हातांचं चित्र लावलं. "राक्षस वरडतो. वरडायला भाषा कशाला?" एवढंच म्हणाले. आमच्या सीमाभागात एवढ्यावर वाद मिटल्याचं मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

पहिला सिनेमा उद्यमबागेतल्या कारखान्याच्या भट्टीतून निघालेल्या सरड्याचा. सरड्याच्या पाठीवरची चेन साफ दिसत होती, लोक पोट धरून हसले. दुसऱ्याचं चित्रीकरण उचगावच्या शिवारात केलं. अण्णा वटवाघूळ होऊन बांधावरून धावत आले, तर शेतातली म्हातारी खुरपं खाली न ठेवता म्हणाली, "रताळ्याचं याल तुडवू नगो, बाबा. तिकडनं जा." वटवाघूळ निमूटपणे तिकडून गेलं. आम्ही ते सिनेमात तसंच ठेवलं आणि सगळ्यात जास्त हशा तिथंच पिकला.

मंगल कार्यालयात सिनेमा लागला की अण्णा आत बसत नसत. बंद दाराबाहेर उभे राहून कान देत आणि हशा ऐकू आला की चहा सांगायला निघून जात. मला वाटायचं, माणूस खूश आहे. दुसऱ्या सिनेमानंतर ते म्हणाले, "लोकं हसत्यात त्येचं वाईट न्हाय. पर ह्यो तिसरा शेवटचा, बाई. डोळं आता साथ देईनात. एकदा तरी भ्यायला पायजेत. न्हायतर त्या जुन्या शिनेमावाल्यांस्नी आपण नुसतं चिडवल्यागत हुतंय." मला फार वाईट वाटलं, कारण मीही हसत होते.

तिसरा सिनेमा लांडगा झालेल्या माणसाचा. केसांसाठी अण्णांनी विणकराची युक्ती काढली. साडी विणताना बुट्ट्यांचे धागे उलट्या बाजूला लोंबत राहतात. अण्णांनी दाट बुट्ट्यांचं कापड विणलं आणि ते धागे मुद्दाम लांब सोडले. उलटी बाजू वर केली की झाली लांडग्याची केसाळ कातडी. महिनाभर ते त्यासाठी मागावर बसले.

आता मागावरून उतरलेल्या साडीचे ते लोंबते धागे कात्रीनं कापून साफ करायचं काम आमच्याकडे घरोघरी बायकाच करतात. अण्णांची बायको, आमच्या आक्का, चाळीस वर्षं तेच करत आल्या. अण्णा आणि मी बाजारात गेलो होतो, कापड घडी करून ठेवलेलं होतं, आक्कांनी कात्री घेतली. आम्ही परतलो तेव्हा लांडगा तुळतुळीत होता आणि धाग्यांचा ढीग कोपऱ्यात होता. "योक धागा ऱ्हायला न्हाय बघा," आक्का कौतुकानं म्हणाल्या.

अण्णांनी कापडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लई सफाईदार झालंय." आक्कांना त्यांनी शेवटपर्यंत दुसरं काही कळू दिलं नाही. फक्त मला बाजूला घेऊन म्हणाले, "रईवारी करायचंच. हाय तसा घालतो."

त्यांनी कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं. रविवारी माग बंद होते. दोन मागांच्या मधून अण्णा चार पायांवर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. कापलेल्या धाग्यांची खुंटं अंगभर, कातडी मळकट, जागोजागी सुरकुतलेली. खरूज झालेलं आजारी कुत्रं दोन पायांवर उठावं तसं ते दिसत होतं. मी ठरल्याप्रमाणे तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. मी ओशाळून विचारलं, "आता ओरडू?" लांडगा म्हणाला, "नगो. ह्येच ऱ्हाऊ द्या."

मंगल कार्यालयाचे पडदे ओढून दुपारी सिनेमा लावला. जोडलेले हात दिसले तेव्हा सवयीनं सगळे हसले. लांडगा आला आणि हसू थांबलं. पुढं कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर अण्णा कान लावून होते. त्यांना हशा ऐकू येईना, लोकांची हालचाल ऐकू येईना. त्यांना वाटलं, लाईट गेली आणि माणसं मागल्या दारानं घरी गेली. पडद्यावर मी आवाजाविना तोंड उघडून उभी होते, नेमकं तेव्हा त्यांनी दार लोटलं. काळोखात उजेडाची पट्टी पडली आणि त्या पट्टीत एक काडीसारखी आकृती.

पहिल्या आक्का किंचाळल्या. त्यांच्यामागून सगळं कार्यालय किंचाळलं. पुढच्या रांगेतले तालमीचे वस्ताद खुर्चीसकट आडवे झाले.

अण्णा दार टाकून पळाले. मी बाहेर गेले तेव्हा ते पायरीवर छाती धरून बसले होते. "काय झालं आत?"

"भ्याली की माणसं. तुम्हाला बघून."

"आमची बायकूबी?"

"सगळ्यांत आधी."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडभर हसू होतं. त्या मऊ आवाजात ते म्हणाले, "पुन्यांदा सांगा की, बाई."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.