कोमट पाण्यातले मासे

मासेवाल्या बाईंनी आयुष्यात एकही मासा विकला नव्हता. कापड रंगवायच्या कारखान्यात मागच्या गेटजवळ काचेची एक मोठी टाकी होती आणि तिच्यातले अकरा मासे बाईंच्या ताब्यात होते. रंगाचं सांडपाणी शुद्ध झालं की आधी या टाकीतून आणि मग ओढ्यात जाई. पाणी बिघडलं की मासे वर येऊन तोंडं उघडायचे, आणि बाई मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन तोंड उघडायच्या.

बाईंचं घर त्याच ओढ्याकाठी. आज कारखान्यात कोणता रंग लागलाय, हे त्यांच्या लहानपणी पोरं ओढा बघून सांगत. त्याच कारखान्याच्या जिवावर पुढे वस्तीत पक्की घरं झाली, बाईंच्या दोन्ही मुली शिकून मार्गी लागल्या. त्यामुळे बाई कारखान्याला नावं ठेवत नसत. ओढ्यालाही कुणी वाली हवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

आज त्यांना साठ पूर्ण झाली. नोकरीचा शेवटचा दिवस. निरोप समारंभ टाकीसमोरच होता. बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले नवरोबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते. दोन वर्षं दुपारी एकटं जेवून हा माणूस इतका कंटाळला होता, की कालच अंगणात ठेवायला दोन खुर्च्या घेऊन आला होता. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून बाईंनाही खुर्चीची ओढ लागली होती, नाही असं नाही.

मॅनेजर भाषणात रंगले. "वर्षात तीन नवी मशिनं आली, माल दुप्पट निघाला. तरी आपले मासे बघा, कसे मजेत आहेत!"

टाळ्या पडल्या. बाईंनी मासे बघितले. मजेत होते खरे, पण जरा जास्तच. आठवडाभर हेच मासे वर येऊन धापा टाकत होते. बाईंनी चार वेळा सांगूनही मॅनेजर "बघू" म्हणाले होते. बाईंनी टाकीत बोट बुडवलं. पाणी गारढोण! उकळत्या रंगातून आलेलं पाणी कितीही शुद्ध केलं तरी कोमट असतं. हे तर बोअरचं पाणी होतं.

हातातला गुच्छ त्यांनी नवऱ्याकडे दिला. "जरा धरा हो," म्हणाल्या, आणि टाकीमागे वाकून बोअरचा कॉक बंद करून सांडपाण्याचा उघडला. लोकांचा चहा संपेपर्यंत अकराच्या अकरा मासे वर येऊन तोंडं वासत होते. बाईंचा जीव तुटला. त्यांनी लगेच बोअरचं पाणी पुन्हा सोडलं.

"ओढ्यातल्यांना कोण सोडणार बोअरचं पाणी?" त्यांनी विचारलं.

निम्म्या कामगारांची घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला होती. ते आता माशांकडे नाही, मॅनेजरकडे बघत होते.

मॅनेजर घामाघूम झाले. "परवा गिऱ्हाईक बघायला येणार आहे, बाई, म्हणून... सांडपाणी शुद्ध करायचा दुसरा प्लांट पुढच्या वर्षी करणारच आहोत की!"

"मग मीपण पुढच्या वर्षीच रिटायर होते," बाई म्हणाल्या. "तोवर एक मशीन बंद ठेवा. आणि या बोअरच्या कॉकला कुलूप. किल्ली माझ्याकडे."

टाळ्या मघापेक्षा जोरात पडल्या. मॅनेजरनीही वाजवल्या, दुसरं करतात काय बिचारे! नवरोबांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. गुच्छ मांडीवर घेऊन ते नुसते बसून राहिले. बाईंना रात्रभर वाईट वाटत राहिलं.

सकाळी एक मशीन बंद होतं. दुपारच्या सुट्टीत बाईंनी टाकीत बोट घातलं. पाणी कोमट, मासे तळाशी निवांत. त्या समाधानानं डबा उघडणार, तोच मागच्या गेटवर कोण उभं? नवरोबा. डोक्यावर दोन्ही खुर्च्या, हातात डबा.

"तू नको होऊस रिटायर," खुर्च्या टाकीसमोर मांडत ते म्हणाले. "एकट्यानं जेवण्यातून मी आजपासून रिटायर झालो."