कवडू गुरुजींचा जिराफ

कवडू गुरुजी पॅरिसबद्दल असे बोलायचे, जणू आमच्या पोंभुर्ण्याहून मूल गावची बस धरली की त्यापुढचा थांबा पॅरिसच. प्रत्यक्षात नागपूरच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. मी त्यांच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "बाई, राजवाडा सुटल्यावर राजाचे प्राणी कुठी गेले, मालूम हाये काय तुमाले?" मला तो राजाच माहीत नव्हता, प्राणी कुठले माहीत असणार.

हकीकत तशी साधी. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाने हौसेने पाळलेले प्राणी मागे उरले आणि ते पॅरिसच्या एका मोठ्या बागेत आणून ठेवले. अशी त्या प्राणीसंग्रहालयाची सुरुवात झाली. आमच्या पाठ्यपुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती, पण गुरुजी त्यावर आख्खा आठवडा काढत. रस्त्यावर खेळ करणाऱ्यांची अस्वलं पोलिसांनी पकडून बागेत कशी आणली, राजाचा सिंह आला तो आपल्या दोस्ताला, एका कुत्र्याला, सोबत घेऊन कसा आला, हे सगळं ते उभ्याने, हातवारे करत सांगत. अभ्यासक्रम मागे पडे. तो मी पूर्ण करायचा, असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं, आणि त्याचा मला रागही यायचा.

एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "गुरुजी, वाघ पाह्याले तिकीट काऊन? आमच्या वावराच्या धुऱ्यावर तं असाच येऊन बसते." गुरुजी पोट धरून हसले. "त्यायच्या धुऱ्यावर नाई येत ना माय, म्हनून बाग बांधा लागली बिचाऱ्यायले."

पण त्यांचा खरा जीव होता जिराफावर. पुढे इजिप्तच्या राज्यकर्त्याने फ्रान्सच्या नव्या राजाला एक जिराफ भेट पाठवला. तो जहाजाने फ्रान्सच्या बंदरात उतरला आणि तिथून थेट पॅरिसपर्यंत पायी चालत गेला. वाटेत दूध प्यायला म्हणून सोबत गाई होत्या, आणि पावसात त्याला अंगभर कोट घालत. त्या कोटापाशी आले की गुरुजींचा आवाज हळवा व्हायचा. ते निवृत्त होणार होते त्या वर्षी मला म्हणाले, "मी काई आता जिराफ पाह्याले जात नाई बाई. पन एकदा त्याले रस्त्यानं चालताना पाह्याचं हाये."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत चौकात आणतात. या बैलांना नंदी म्हणतात. गुरुजींनी त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्यासाठी पोरांना हाताशी घेऊन जिराफ बनवला. कडुनिंबाच्या फळ्यांचं अंग, लांब बांबूची मान, त्यावर बारदाना, आणि बारदान्यावर गेरूचे ठिपके. एका पोराच्या आग्रहाने त्याला प्लास्टिकचा रेनकोटही चढवला.

चौकात भिवाजीभाऊ उभे होते. तान्ह्या पोळ्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे, आणि त्यांच्या शब्दापुढे गावात कोणी जात नसे.

"हे काय आनलं गुरुजी?"

"जिराफ."

"हा बैलाचा सन हाये. हे जनावर नाई चालत इथी."

"फ्रान्समधी हा गाईच्या मांगं चालला, भाऊ. इथी बैलाच्या मांगं चालते. कोनाच्या पुढं नाई जात."

लोक हसले. भिवाजीभाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं, सगळ्यायच्या मांगं लावा."

नंदींची रांग निघाली. एकेक नंदी आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून जाऊ लागला. जिराफाची पाळी आली आणि तो थांबला. मान तोरणाच्या पार वर गेली होती. तोरण तुटणं म्हणजे पोळा फुटणं, सण उरकणं, आणि तो फोडायचा मान भिवाजीभाऊंचा. पूजा तर अजून व्हायची होती. कोणीतरी घरातून करवत आणली. "वीतभर कापा ना गुरुजी, कोनाले समजते?"

गुरुजी बांबूला धरून उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होते, पण त्यांचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "जहाजातबी याची मान मावत नव्हती. त्या लोकायनं वरची फळी कापली. मान नाई कापली."

भिवाजीभाऊंनी वर तोरणाकडे पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या मांडवाचा बांबू उपसला, त्याचं टोक तोरणाच्या दोरीला लावलं आणि टाचा उंचावून ती वर रेटली. सत्तरीचा माणूस तो. "ओढा न पोट्टेहो, पाह्यता काय?"

जिराफ तोरणाखालून गेला. पलीकडे बाया ताट घेऊन उभ्या होत्या. कपाळाला कुंकू लावायला हात पुरेना, म्हणून कोणीतरी स्टूल आणलं. मी हसत होते आणि माझे डोळे भरून आले होते.

गुरुजी मात्र जिराफाकडे बघतच नव्हते. ते मागे वळून भिवाजीभाऊंकडे बघत होते. भाऊंनी बांबू अजून खाली घेतला नव्हता.

"बाई," गुरुजी मला म्हणाले, "पॅरिस पाह्याचं राह्यलं म्हनून आता मले काईच वाटत नाई."