कुंकू नसलेलं कार्ड

तो दिवस आठवला की आजही माझ्या तळहातांना घाम सुटतो. नोकरीत दरोडेखोरांच्या मागे धावलो, जमावाचे दगड खाल्ले. पण सगळ्यात जास्त घाबरलो तो ठाण्यातल्या टेबलासमोर उभा राहून, एक माणूस स्क्रूड्रायव्हर फिरवत असताना.

निवृत्तीआधीचं ते माझं शेवटचं ठाणं, आष्टी तालुक्यातलं, कडा गावाच्या बाजूचं. दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या होत्या आणि वस्त्याच्या वस्त्या कुलपात होत्या. असे दिवस ठाण्याला बरे जातात, भांडणारे लोकच गावात नसतात. अकराच्या सुमारास एक बाई आली आणि उंबऱ्यातच बसली.

"सायेब, लेक सकाळी आठला झेरॉक्स काढाया गेलती, आजून आली न्हाई. फोन बंद लागतुया."

मुलगी एकवीस वर्षांची, नर्सिंगला शिकणारी. ठाणे अंमलदारानं नेहमीचा प्रश्न टाकला, "कुणासंगं काय होतं का तिचं?" आईचा चेहरा असा पडला की मी त्याला चहा सांगायला पिटाळलं आणि मिसिंगची नोंद स्वतः घेतली.

तासाभरात आमच्या महिला हवालदारानं मुलीच्या मैत्रिणीला बोलतं केलं. मुलीला चार दिवसांपासून कुणीतरी घाणेरडे फोटो पाठवत होतं. चेहरा तिचा, अंग दुसऱ्या कुणाचं. आणि चेहरा होता तिच्या बहिणीच्या लग्नाच्या शूटिंगमधला. शूटिंग कुणी केलं होतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. साडेबाराला तो स्टुडिओवाला माझ्यासमोर होता आणि पंचनामा करून त्याचा कॉम्प्युटर टेबलावर होता.

तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. आवाजात जराही चढउतार नाही.

"साहेब, मला कावून धरलं? खंडेनवमीला मशीनची पूजा केली अन् दुसऱ्या दिवशी पडदा काळा. तवापासून पेटी उघडलेली बी न्हाई. मी फोटो करणार कशावर? तुमीच बघा की."

आम्ही बघितलं. बटण दाबलं, दिवा लागला, पंखे घरघरले, स्क्रीन काळीच राहिली. तो खुर्चीत आरामात टेकला.

चौकशीत मी माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या डोळ्यांवर लक्ष ठेवतो. हा सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. निर्दोष माणसाला घाई असली की तो सोडा सोडा म्हणून ओरडतो. हा तर गप्प होता. मग त्याची कोणती वेळ टळत होती? आणि मला एकदम उमगलं. मुलगी कुठंतरी कोंडलेली होती. बाहेर आश्विनाचं ऊन रणरणत होतं. तिला पाणी देणारा, कुलूप काढणारा एकच माणूस होता आणि त्याला मीच ठाण्यात आणून बसवलं होतं. त्यानं कबूल केलं तर अपहरणाचा गुन्हा, म्हणून तो तोंड उघडणार नाही. मी त्याला उचललं नसतं, नुसता मागावर राहिलो असतो, तर तो आम्हाला तिच्यापर्यंत घेऊन गेला असता. हे साधं शहाणपण मला दीड वाजता सुचलं.

त्याचा मोबाइल सापडला नव्हता, माग लागला तर त्या पेटीतूनच. बीडला सायबर शाखेला फोन लावला. "पेटी उघडू नका, उद्या घेऊन या," तिकडचे अधिकारी म्हणाले. मी मुलीचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "हार्ड डिस्कला हात लावू नका. पंच बसवा, सगळ्याचा व्हिडिओ काढा, आणि जाणकार माणूस बोलवा."

दोन पंच बसवले आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक पन्नाशीचा माणूस आष्टीहून आला. त्यानं बाजूचा पत्रा काढला. आत खंडेनवमीची पूजा जशीच्या तशी होती. वीजपुरवठ्याच्या डब्याला हळदीकुंकवाची बोटं, मदरबोर्डच्या कडेला बोटं, पंख्याच्या जाळीत झेंडूची वाळकी पाकळी.

"पडदा या ग्राफिक कार्डावर चालतो. समद्यात महाग भाग हा," त्यानं बोट दाखवलं.

व्हिडिओ काढणाऱ्या हवालदारबाई वाकल्या. "मग ह्याला कुंकू कसं न्हाई, साहेब? आपण रायफली पुजतो तवा एक तरी सोडतो का? महागाची वस्तू आधी पुजत्यात."

दसऱ्यानंतर पेटी उघडलीच नाही म्हणणाऱ्याच्या पेटीत पूजेनंतर बसवलेलं कार्ड होतं. मी स्टुडिओवाल्याकडे पाहिलं. त्याचा शर्ट काखेत ओला झाला होता.

"हे जळकं कार्ड मुद्दाम घातलंय," दुरुस्तीवाला म्हणाला. "ते काढून पडद्याची वायर थेट बोर्डाला लावली तर पडदा येईल. पण घाईत वढलं अन् खाच तुटली, न्हाईतर हातातली वीज बोर्डावर उतरली, तर मशीन कायमची गेली."

"मग सावकाश करा," मी म्हणालो.

त्यानं भिंतीतून वायर काढली. मग पुढचं बटण दाबून धरलं, आत उरलेली वीज निघून जावी म्हणून. हातातली वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला तळहात लावला. मागचे दोन स्क्रू काढले, कार्डाला जाणाऱ्या वायरीची चाप दाबून ती सोडवली. खाचेच्या टोकाला एक बारीक खिट्टी असते. ती दाबली की कार्ड सुटतं, न दाबता ओढलं की सगळं तुटतं. त्याचं बोट तिथं पोचेना. दोनदा निसटलं. घड्याळात अडीच वाजून गेले होते. बाहेर आईचा रडण्याचा आवाज येत होता आणि मला दार बंद करायचंही धाडस होईना. तिसऱ्यांदा टक् झालं. दोन्ही कडांना धरून त्यानं कार्ड सरळ वर उचललं, जराही न हलवता.

पडद्याची वायर बोर्डाला लावली, भिंतीतली पुन्हा जोडली. बटण दाबलं. स्क्रीन उजळली.

स्टुडिओच्या मशीनवर चार जणांचे हात फिरतात, म्हणून पासवर्डही नव्हता. त्याचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सकाळचा निरोप होता: वस्तीवरच्या शेडात ये, एकटी. तुझ्यासमोर समदं पुसतो.

"मी न्हाई बोलावलं, ती आपणहून आलती," स्टुडिओवाला किंचाळला. एवढं पुरे होतं.

पोलीस पाटलानं त्याच्या भाऊबंदांची वस्ती दाखवली, सगळे ऊसतोडीला गेलेले. सात-आठ घरं, तेवढीच पत्र्याची शेडं, सगळ्यांना कुलपं, चिटपाखरू नाही. आम्ही नाव घेऊन हाका मारल्या, दारं वाजवली. कुठूनच ओ नाही. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. उशीर झाला, असं मला वाटलं आणि मी एका चुलीपाशी खाली बसलो. एवढ्या वर्षांत शिपायांदेखत तसा कधी बसलो नव्हतो.

हवालदारबाई मात्र एकेका शेडाला तोंड लावून हळू बोलत फिरत होत्या. "बाळा, फोटो कुणी बघितले न्हाईत. साहेबांनी बघू दिले न्हाईत. आई ठाण्यात वाट बघतीय."

चौथ्या शेडात आतून पत्रा वाजला.

कुलूप तोडलं. ती कोपऱ्यात बसली होती, ओठ फुटलेले, ओढणीनं तोंड झाकलेलं. तिला पाणी पाजलं. मी विचारलं, "इतक्या हाका मारल्या, ओ का दिली नाहीस?"

"तुमी आलात म्हंजी समद्यांनी बघितलं, असं वाटलं," ती म्हणाली.

स्टुडिओवाल्याला शिक्षा झाली. आरोपीला कधी धरावं आणि कधी मोकळं ठेवून मागे जावं, हे मी त्यानंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितलं. पण त्या प्रकरणानं मला शिकवलं ते वेगळंच. ती मुलगी उन्हात मरायला तयार होती, आमच्या नजरेसमोर यायला नव्हती. अशी भीती आपण आपल्या पोरींच्या मनात घालतो आणि मग त्यांना शोधत हिंडतो.

फोटो कुणी बघितले नाहीत, हे हवालदारबाईंचं वाक्य खरं नव्हतं. निरोप उघडला तेव्हा त्याच्या वरच ते फोटो होते. मी, हवालदारबाई, दुरुस्तीवाला आणि दोन पंच, आम्ही पाचही जणांनी ते पाहिले. पोरी, तू हे वाचत असशील तर ऐक. आम्ही पाहिलं होतं, आणि आमच्यापैकी एकाच्याही मनात तुझ्याबद्दल वाईट आलं नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही.