पणतीच्या वरची घंटी

ताई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची घंटी वाजायला लागली.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मांडवगणच्या आमच्या घरात आयटीआय केलेली एकटीच.

विहिरीवरची मोटर लो व्होल्टेजला चालवली की जळते. विकतचं पॅनेल परवडेना. मग ताईंनी शिरूरहून एक ट्रान्झिस्टर आणि चार बारीकसारीक पार्ट आणले, साबणाच्या डबीत सर्किट बसवलं, मोटरच्या लाइनवरून तार घेतली आणि डबी घरातल्या भिंतीला टांगली.

व्होल्टेज पुरेसं आलं की घंटी. घंटी झाली की मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जाऊन मोटर चालू करायची.

"फक्त गरम जागी ठेवू नका," ताई हसायच्या. "डोकं फिरतं त्याचं."

तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या.

त्यांना शेवटचं जिथं ठेवलं होतं तिथंच, भिंतीतल्या कोनाड्यात पणती लावली. दहाव्यापर्यंत विझू द्यायची नाही, हलवायची नाही. वर वीतभर अंतरावर डबी. दुःखात कुणाचं लक्ष असणार?

भरदुपारी घंटी वाजली.

रडणाऱ्या बायकांनी माना वळवून डबीकडं पाहिलं.

मामा उठले. "थोरली हाक मारती. कांदं सुकाय लागल्यात म्हनती."

अनवाणीच विहिरीकडं निघाले. घरातला पंखा जेमतेम फिरत होता, म्हणून मी व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन मागं पळाले. त्यांचा अंगठा स्टार्टरच्या हिरव्या बटणावर होता.

"मामा, थांबा! व्होल्टेज न्हाई. मोटर जळंल!"

मीटर दाखवला. मोटरला चारशे लागतं, साडेतीनशेसुद्धा नव्हतं.

"मग ती का बोलावती?"

मी सांगितलं, पणतीची धग डबीला लागतेय. ट्रान्झिस्टर तापला की कमी व्होल्टेजलाच घंटी वाजवतो.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "पणती हलवायची न्हाई," म्हणाले. "आन् डबीबी काढायची न्हाई."

दहाव्यापर्यंत ती घंटी कधीही वाजायची. जेवताना वाजली की घास हातातच राहायचा. कारण मला माहीत होतं, तरी त्या खोलीत एकटी जायची माझी हिंमत नव्हती. खोटं कशाला सांगू?

दहाव्याला पणती शांत झाली. खोटी घंटीही थांबली.

आज ताईंचं वर्षश्राद्ध.

सकाळी मामांनी स्वतःच्या हातानं त्याच कोनाड्यात पणती लावली.

"मामा, तिथं नको. उगाच वाजंल."

"ठाव हाय मला. वाजू दे."

थोड्या वेळानं वाजली.

मीटर कुणी आणला नाही. विहिरीकडंही कुणी गेलं नाही.

मामा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

"आलो गं पोरी," म्हणाले. "आलो."

ताई, भरल्या डोळ्यांनी नमस्कार.