खळ घातलेला नमुना

जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवून झाले की आमच्या मानवतच्या घरातली पाच शिलाई यंत्रं थंडावतात. ती बायकोच्या बचत गटाची. पाच बायका आणि वर्षाकाठी साधारण दहा आठवड्यांचं पक्कं काम. उरलेले बेचाळीस आठवडे ब्लाउज आणि फॉल, तेही कुणी आणून दिले तर. त्या वर्षी दोघींनी यंत्रं विकून आपापल्या वाट्याचे पैसे मागितले होते. त्या गेल्या असत्या तर गट उरला नसता.

अशातच एका बुधवारी मी मुलीचा पास काढायला शेजारच्या गावातल्या बस डेपोत गेलो. खिडकी उघडायला वेळ होता, म्हणून मागच्या बाजूला कार्यशाळेपाशी उभा राहिलो. एक मिस्त्री इंजिनचं तेल पुसत होता. त्याच्या हातातल्या फडक्याला शर्टाचं बटण तसंच होतं.

"हे फडकं कुठून येतं?" मी विचारलं.

"स्टोअरातून."

"आणि स्टोअरात?"

"पोत्यातून." त्यानं मान वर केली. "तुमी काय पेपरवाले हाव का?"

नाही म्हणालो. पण त्या पोत्यात माल कोण भरतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. पास बाजूला राहिला आणि मी भांडारपालासमोर जाऊन बसलो. भला माणूस. मोठी खरेदी विभागीय कार्यालयातून निविदेनं होते, ती ऑनलाइन भरावी लागते आणि तिला डिजिटल सही लागते, असं त्यानं सांगितलं. मधेच माल संपला तर मात्र डेपो थोडी खरेदी स्वतः करतो. निदान तीन दरपत्रकं बंद पाकिटात घेतात, आणि अटीत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर कमी त्याला काम. फडक्यांची अशी खरेदी पुढच्याच महिन्यात होती.

"म्हणजे कुणीही माल देऊ शकतं?"

"कुणीही नाही, भाऊ. कागद असलेलं कुणीही."

इतकी वर्षं माझी समजूत होती की अशा ठिकाणी ओळख लागते. इथे ओळखीचा रकानाच नव्हता. गटाचं पॅन, गटाच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला चेक, लघुउद्योगाची नोंदणी आणि जीएसटी लागू होत नसेल तर तसं लेखी. सगळं जमवायला मला नऊ दिवस आणि चार खेपा लागल्या. त्यातली एक खेप माझ्याच चुकीची, कारण गटाच्या ठरावावर एकीची सही घ्यायची राहिली होती.

अटी अर्ध्या पानाच्या होत्या. अठरा इंच चौरस, पूर्ण सुती, कडा दुमडून शिवलेल्या, बटण-हूक-चेन नको. सोबत दहा नगांचा नमुना. बायकोनं नवं मांजरपाट आणलं आणि पट्टी लावून दहा फडकी कापली. मी मोजली. एकही दोऱ्याइतकंसुद्धा वाकडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती नीळ देऊन, साबुदाण्याची खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलेली.

"पुसायलाच आहेत ना ही?" मी म्हणालो.

"आवो, सरकारी हापिसात जायलीत. चुरगाळलेली कशी द्यायची? नाव आपलं हाय त्याच्यावर."

मला ते पटलं, हे कबूल करतो.

पाकिटं शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत द्यायची होती. आम्ही दोघं बुधवारीच गेलो. भांडारपालानं नमुना हातात घेतला, उलटापालटा केला आणि त्याच मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्रीनं पत्र्यावर चमचाभर तेल ओतलं आणि त्यावरून फडकं फिरवलं. तेल या कडेवरून त्या कडेला गेलं.

"वैनी," तो म्हणाला, "हे पुसायलं न्हाई, ढकलायलंय. आहेरात द्यावं असं कापड हाय, गिअरबॉक्सला कसं लावू?"

"खळ हाय," बायको हळूच म्हणाली. "साबुदाण्याची."

मिस्त्री तोंड फिरवून हसला. भांडारपाल हसला नाही. "पाकीट अजून दिलेलं नाही तुम्ही. नमुना बदला. परवा तीनपर्यंत वेळ आहे."

घरी आल्यावर मी ओट्यावर वजनकाटा मांडला. शेजारच्या गॅरेजातून जळकं तेल आणलं. खळीचं फडकं बारा ग्रॅम तेल प्यायलं. खळ धुऊन काढल्यावर तेवीस. मग बायकोनं माझं जुनं, अनेकदा धुतलेलं धोतर फाडून एक तुकडा दिला. चाळीस ग्रॅम. पुन्हा केलं, एकेचाळीस.

"जुनेर द्यायचं?" तिला ते अजून पटत नव्हतं. "लोक काय म्हणतील?"

"लोक नाही, मिस्त्री म्हणणार आहे."

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गल्लीत येते. तिच्याकडची सुती धोतरं आणि पातळं आम्ही निवडून घेतली. पाचही जणी गुरुवारी दिवसभर बसल्या. धुतली, कापली, कडा शिवल्या. इस्त्री नाही. बायकोनं हातानंच दाबून घड्या घातल्या.

शुक्रवारी पाकिटं सगळ्यांसमोर फोडली. आमचा दर मधला होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग कमी दरवाल्याचा नमुना तेलावर ठेवला. त्यात टेरिकॉट होतं, तो अटीत बसला नाही. आठशे फडक्यांचं काम आम्हाला मिळालं.

मी हिशेब केला. आठशे म्हणजे पाच जणींचं तीन दिवसांचं काम. बेचाळीस आठवड्यांपुढे ते किती, हे मी मोठ्यानं बोललो नाही. पण माल वेळेत दिला तर पुरवठ्याचा दाखला मिळतो आणि तो मोठ्या निविदेला जोडता येतो, हे भांडारपालानं सांगितलेलं मी वाटा मागणाऱ्या दोघींना सांगितलं. त्यांनी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं. तेवढंच.

माल देऊन, दाखला घेऊन आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. मिस्त्रीनं आमच्या देखतच एक फडकं काळंकुट्ट करून डब्यात टाकलं होतं. बायको खिडकीतून कार्यशाळेकडे पाहत होती.

"ती तेलकट फडकी धुऊन परत वापरतात का हो?"

"माहीत नाही."

"धुऊन द्यायचं काम कुणाकडं हाय, तेवढं इचारायचं राहिलं."

मी घड्याळ पाहिलं. बस सुटायला सात मिनिटं होती. पिशवी तिच्याकडे दिली आणि खाली उतरलो.