पत्रेवाल्या काकांची मोठ्यानं प्रार्थना

पत्रेवाले काका आयुष्यभर पत्रा ठोकत आले. बादल्या, नरसाळी, छपराच्या पन्हळी. हातोडीनं हळूहळू कान खाल्ले, आणि गंमत अशी की काकांना सोडून सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. पहाटे गुडघे टेकून ते देवाशी बोलायचे. त्यांच्या मते पुटपुटायचे. प्रत्यक्षात भिंत हादरायची.

भिंतीपलीकडे शिवणवाल्या ताई एकट्या राहायच्या. जीभ कात्रीसारखी, पण वाटीभर साखर न्यायला हक्कानं येणार. त्या एकाएकी बोलेनाशा झाल्या. काका दिसले की तोंड फिरवायच्या. काकांना घास गोड लागेना. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, सगळ्यांनी एका मेजापाशी येऊन प्रभूच्या नावानं भाकर घ्यायची. शेजारणीशी अबोला ठेवून त्या मेजापाशी जायचं कुठल्या तोंडानं?

"अगं, मी केलं तरी काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

काकूंनी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या कानाशी ओरडल्या, "अहो, 'प्रभू, शेजारच्या ताईंच्या जिभेला लगाम घाल' असं रोज कोण म्हणतं? अर्धी गल्ली आमेन म्हणते!"

"म्हणजे... ऐकू जातं?"

"देवाला कुजबुजलेलंही कळतं हो. तुम्ही मात्र ताईंनाही ऐकवता!"

काकांचा चेहरा पडला. चपला न घालताच ते ताईंच्या दारात जाऊन उभे राहिले. आत मशीन खडखडत होतं. ताईंनी मान वर केली नाही.

"ताई, चुकलो. प्रार्थनेच्या नावाखाली तुमची चहाडी केली मी."

मशीन थांबलं. ताई उठल्या, भिंतीला धरत जवळ आल्या आणि थेट त्यांच्या कानात म्हणाल्या, "जिभेचं खरंच आहे. त्यावर कोण रुसतंय? आधी माझ्या गुडघ्यांसाठी मागायचात. मी इकडे पडल्या पडल्या आमेन म्हणायचे. ते बंद का केलंत?"

काका गोंधळले. "मला वाटलं, बरे झाले असतील."

"वाटलं म्हणे! एका भिंतीचं अंतर. देवाला एवढं सांगता, मला एकदा विचारलंत?"

 देवापुढे इतकी वर्षं ताईंचं नाव घेतलं, पण त्यांच्या दाराची पायरी काही चढलो नाही, हे काकांना आत कुठेतरी लागलं. कापडाचे तुकडे बाजूला सारून ते स्टुलावर बसले, कानामागे हात धरला.

"आता विचारतो. कसे आहेत गुडघे? सावकाश सांगा, पण जरा मोठ्यानं."

ताईंनी अशा आवाजात सांगायला सुरुवात केली, की भिंतीपलीकडे काकूंनी चहाच्या भांड्यात आणखी एक कप पाणी ओतलं.