मुरुडला उतरलेला डबा

लातूरच्या एका दवाखान्यात किरणोत्सारी औषध देण्याचं काम मी करतो. चारचौघांत एवढं सांगितलं की लोक आधी खुर्ची मागं सरकवतात आणि मग किस्से विचारतात! किस्से काय, न मागता साठतात. पण त्यातला एक आठवला की माझा जीव अजून वरखाली होतो.

*

औषधाची कॅप्सूल पुण्याहून कुरिअरच्या गाडीने येते. कॅप्सूल एवढीशी, पण तिच्याभोवतीचं शिसं उचलताना कंबर धरते. डब्यावर तीन पात्यांचं धोक्याचं चिन्ह. पहिला डबा आला तेव्हा आमचे वॉचमन रज्जाकचाचा खूश झाले.

"सर, एक पंखा गेटवर बी लावा. लई उकडून राहिलंय."

*

मी चाचांना चिन्हाचा अर्थ सांगितला. चाचांनी तो कुरिअरच्या हमालांना सांगितला, तोही तिखटमीठ लावून. एक हमाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, हे उचललं तर लेकरं होणं बंद होतं म्हणे?"

"अरे, असं काही नाही. आणि तुला चार आहेत की."

"म्हणूनच विचारून राहिलो. बंद होत असतील तर रोज उचलतो."

*

बाकीचे हमाल मात्र डब्याला शिवेनात. गाडीचा ड्रायव्हर बसवराज डोकेबाज. तो चिन्हावर खाकी कागद डकवायचा आणि आमच्या गेटवर आला की काढायचा. "चित्र दिसंना, भांडण होईना," हे त्याचं तत्त्वज्ञान. मला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता.

*

त्या शनिवारी औशाच्या मंगलाबाई आल्या होत्या. गळ्यातल्या थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, उरलासुरला आजार या कॅप्सूलने जाळायचा. ती घेतली की काही दिवस माणसाच्या अंगातूनही किरणं निघतात. त्यासाठी थायरॉईडची रोजची गोळी कित्येक आठवडे बंद. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, भर उन्हात अंगावर शाल. कॅप्सूलचा जोर दिवसागणिक उतरतो. ही हुकली तर दुसरी येईपर्यंत बाईंचे पुन्हा तेच हाल.

डबा आला. वर खाकी कागद तसाच; त्या दिवशी घाईत बसवराजने तो काढलाच नव्हता. मी किरणं मोजायचं मीटर लावलं. मीटर गप्प. उघडलं तर आत तेल लावलेलं बेअरिंग!

बसवराज पांढराफटक पडला. "मग वाटेत मुरुडच्या डाळमिलला मी काय देऊन आलो?"

*

मिलचे मालक शिवलिंगप्पा. मी लगेच त्यांना फोन लावला.

"अप्पा, पार्सल उघडलं का?"

"न्हाई. नवा पार्ट सोमवारी पूजा केल्याबिगर आम्ही उघडत न्हाई. तवर भस्म-बेल वाहून घरच्या देवापुढं ठेवलाय."

कुठल्याही सोमवारचे मी इतके आभार मानले नसतील. "सगळ्यांना घराबाहेर काढा, मी निघालोच," म्हणालो. पोचलो तर अप्पांची माणसं रस्त्यावर उभी, आणि अर्धं मुरुड घरात! बघायला आलेलं.

मीटर बोललं, म्हणजे डबा आमचाच. सील शाबूत होतं. माझा जीव भांड्यात पडला.

*

संध्याकाळी डबा मंगलाबाईंसमोर ठेवला. झाकणावर भस्माचे तीन पट्टे, वर बेलाचं पान. मी कापूस घेऊन पुसायला लागलो, तर बाईंनी हात आडवा केला.

"राहू द्या, सर. ह्या औषधापायी घरचे आतापासूनच मला भिऊन राहिले. नातवाला जवळ येऊ देईनात. ह्याच्या तरी कुणी पाया पडलं."